दोन आडनावांत विभागलेली वीस वर्षे

वाचकाचे पत्र

मी ४७ वर्षांची असून नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीची सहयोगी प्राध्यापक आहे. वीस वर्षे मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करते आहे. माझे १९ शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. पहिले सहा माहेरच्या नावाने आणि पुढचे तेरा लग्नानंतरच्या नावाने. प्राध्यापकपदाची मुलाखत दोन महिन्यांवर आली आहे. परवा एका सहकाऱ्याने स्कोपस ही शोधनिबंधांची ऑनलाइन सूची उघडून, "मॅडम, तुमचा एच-इंडेक्स सहाच आहे," असे सगळ्यांसमोर सांगितले. दुसऱ्या विभागात माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान असलेल्या एका डॉक्टरांच्या नावावर शंभराहून अधिक पेपर आहेत. आमचे विभागप्रमुख मनाने चांगले आहेत. त्यांनी दोन मार्ग सुचवले आहेत. पंधरा दिवसांत पेपर छापून देणाऱ्या एका एजन्सीला पैसे द्यावेत, हा एक. आणि विभागातील आम्ही चौघांनी एकमेकांच्या पेपरवर एकमेकांची नावे घालावीत, हा दुसरा. मला ज्या पेपरचा सर्वांत जास्त अभिमान आहे, तो उन्हाळ्यात आरोग्य उपकेंद्रांवर सिकलसेल ओळखण्याची सोल्युबिलिटी चाचणी का चुकते याविषयीचा आहे, आणि त्याला केवळ पाच सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, आहेत. माझ्या निवासी विद्यार्थिनीने यंदाच्या मे महिन्यात त्याच कामाचा पुढचा भाग केला, आणि आता मसुदाही तीच लिहिते आहे. तीही म्हणते, "मॅडम, मुलाखत तुमची आहे, माझे नाव मागे ठेवा." माझे काम खरेच इतके थोडे आहे का? मी काय करावे? सर्व पेपरांची यादी आणि प्रत्येकाचे सायटेशन सोबत जोडत आहे.

उत्तर

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. तुमची यादी मी दोनदा वाचली आणि मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तुमच्या शेवटच्या प्रश्नांकडे मी नंतर येईन, कारण त्याआधी एक साधी गोष्ट दुरुस्त व्हायला हवी, जी तुमच्या सहकाऱ्याने पाहिली नाही आणि बहुधा तुम्हीही दुखावल्यामुळे पाहिली नाही. स्कोपसने दाखवलेला सहा हा आकडा तुमचा नाही. तो तुमच्या अर्ध्या आयुष्याचा आहे.

एच-इंडेक्सची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तरी इतर वाचकांसाठी सांगतो. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि खाली मोजत जायचे. ज्या क्रमांकापर्यंत पेपरचे सायटेशन त्या क्रमांकाइतके किंवा त्याहून अधिक राहते, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. लग्नानंतरच्या तुमच्या तेरा पेपरांचे सायटेशन २६, १८, ११, ८, ७, ६, ५, ३, २, २, १, ० आणि ० असे आहे. सहाव्या पेपरला सहा सायटेशन आहेत, सातव्याला पाचच आहेत, म्हणून उत्तर सहा येते. माहेरच्या नावाच्या सहा पेपरांना ८४, ३१, १२, ९, ४ आणि १ असे सायटेशन आहे, आणि त्यांचा स्वतंत्र एच-इंडेक्स चार येतो. आता दोन्ही याद्या एकत्र करून पाहा: ८४, ३१, २६, १८, १२, ११, ९, ८, ७ अशी रांग लागते, आठव्या पेपरला आठ सायटेशन आहेत, आणि उत्तर आठ येते. एकूण सायटेशन ८९ नसून २३० आहे. तुमचा सर्वाधिक वाचला गेलेला पेपर, ज्याला ८४ जणांनी आधार मानले, तो त्या दिवशी स्कोपसच्या पडद्यावर नव्हताच. संगणकाच्या दृष्टीने तो दुसऱ्याच कोणा बाईंनी लिहिलेला आहे.

हे आपल्याकडे इतक्या जणींच्या बाबतीत घडते की मला त्यावर थोडे थांबावेसे वाटते. महाराष्ट्रात लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, म्हणजे मधले आद्याक्षरही बदलते. काही घरांत तर मुलीचे पाळण्यातले नावसुद्धा बदलले जाते. इंग्रजी पद्धतीने आडनाव आणि दोन आद्याक्षरे एवढ्यावर माणूस ओळखणाऱ्या सूचीला या दोन नावांत पुरेसा धागा सापडत नाही, आणि ती सरळ दोन प्रोफाइल तयार करते. उलट देशमुख, पाटील, मेश्राम, ठाकरे यांसारखी आडनावे आणि तीच दोन आद्याक्षरे असलेली तीन-चार माणसे एकाच प्रोफाइलमध्ये कोंबली जातात. निवड समित्यांवर बसताना मी असे पाहिले आहे की पुरुष उमेदवाराचा आकडा दुसऱ्याच्या पेपरांमुळे फुगलेला असतो आणि स्त्री उमेदवाराचा आकडा तिच्याच पेपरांच्या फाळणीमुळे आक्रसलेला असतो, आणि टेबलाभोवतीच्या कोणालाही याची शंका येत नाही, कारण आकडा छापील असतो.

म्हणून पहिले काम हे करा. तुमच्याकडे ऑर्किड क्रमांक नसेल तर आजच घ्या. २०१२ पासून सुरू असलेला हा सोळा अंकी ओळख-क्रमांक संशोधकाला विनामूल्य मिळतो, आणि त्यात माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे नोंदवता येतात. एकोणीसही पेपर त्यात घाला. त्यानंतर स्कोपसला तुमची दोन प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवा. ती सोय त्यांच्याच संकेतस्थळावर लेखक-प्रोफाइलजवळ आहे. गुगल स्कॉलरवरही दोन्ही नावे लावा, मात्र तेथे आपोआप येऊन बसलेले परक्याचे पेपर काळजीपूर्वक काढून टाका. तुमच्या नावाचे साधर्म्य असलेल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाचा पेपर तुमच्या यादीत दिसला, तर समितीचा तुमच्या उरलेल्या अठरा-एकोणीस पेपरांवरचा विश्वासही डळमळेल. नावबदलाचा पुरावा म्हणून राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला अर्जाला जोडा, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर एका वाक्यात लिहा की अमुक वर्षापर्यंतचे लेखन अमुक नावाने आहे. गुगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची इतिवृत्ते, परीक्षणापूर्वीचे प्रीप्रिंट असे सगळेच मोजत असल्यामुळे त्याचा आकडा स्कोपसहून मोठा येतो. तुम्ही कोणताही आकडा द्या, पण तो कोठून आणि कोणत्या तारखेला घेतला हे शेजारी लिहा.

आता आठ हा आकडा हाती आला, म्हणून तुमचे काम मोठे ठरले असे मी म्हणणार नाही, जसे सहा असताना ते लहान नव्हते. या आकड्यांकडून आपण काय मागतो, हे त्यांच्या जन्मकथेवरून कळते. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात विज्ञानासाठी सायटेशनची सूची असावी अशी कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर वकिलांचा नमुना होता. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, तो मान्य झाला की फिरवला गेला, हे शोधण्याची सूची अमेरिकेतील वकील कित्येक दशके वापरत होते. गारफिल्ड यांना संशोधकांसाठी तसेच साधन हवे होते: एक पेपर हाती धरावा आणि त्याच्यापुढे विचार कोठे गेला ते शोधावे. एच-इंडेक्स त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००५ मध्ये, जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने सुचवला. तो वयाबरोबर वाढतो, कधी कमी होत नाही. पेपरवर तुमचे नाव पहिले आहे की चौदावे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आणि तुमचा ८४ सायटेशनचा पेपर व ८ सायटेशनचा पेपर त्याच्या लेखी समान असतात.

याच गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये एका भारतीय संशोधकावर लिहिले, आणि तुम्ही पॅथॉलॉजीच्या कामात असल्यामुळे ती हकीकत तुम्हाला जवळची वाटेल. कोलकात्याचे शंभुनाथ डे हे पॅथॉलॉजीचेच प्राध्यापक. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन ठिकाणी बांधून त्यात कॉलऱ्याचे जीवाणू सोडण्याची त्यांची पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवले की जीवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात तसेच पाणी साठते. रोग्याला मारणारे विष जीवाणू बाहेर सोडतो, हे रॉबर्ट कॉख यांनी वर्तवले होते आणि कोणाला दाखवता आले नव्हते. ते डे यांनी मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेत दाखवले. पुढे कॉलऱ्याच्या विषावरील संशोधनाची इमारत या पायावर उभी राहिली. तरीही सुरुवातीची काही वर्षे त्या पेपरची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने कॉलऱ्यावरील परिसंवादाला त्यांना बोलावले; आपल्या देशातील विज्ञान अकादम्यांनी मात्र त्यांना जिवंतपणी सदस्यत्व दिले नाही, आणि १९८५ मध्ये ते वारले. १९६१ मध्ये डे यांना कोणी पदोन्नतीच्या मुलाखतीला बोलावून त्या पेपरचे सायटेशन विचारले असते, तर काय उत्तर निघाले असते याचा विचार मी अनेकदा करतो.

उलट बाजूचे दाखलेही आहेत. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला; ती पद्धत आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत शिकलेली आहे; आणि खुद्द लाउरी त्याला आपले थोर काम मानत नव्हते. बारा मुलांच्या निरीक्षणांवरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित (एमएमआर) लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्याचे सायटेशन मोठेच आहे, कारण त्याचे खंडन करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उल्लेख करावा लागला. सूची उल्लेख मोजते. तो कौतुकाचा आहे, सवयीचा आहे की धिक्काराचा, हे वाचणाऱ्यानेच पाहायचे असते.

शंभर पेपरवाल्या तरुण सहकाऱ्याविषयी मी काहीही वाईट लिहिणार नाही, आणि तुम्हीही मनात आणू नका. वैद्यकशास्त्रातच विषयागणिक सायटेशनचे प्रमाण फार बदलते. हृदयरोग किंवा कर्करोगावरील बहुकेंद्री चाचणीत कधी कधी शेकडो लेखक असतात, आणि तो पेपर हजारो जण वाचतात. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टरही असाच विषयावर अवलंबून असतो, आणि तो मुळात नियतकालिकातील पेपरांच्या सायटेशनची सरासरी आहे, त्यातील एखाद्या पेपरची गुणवत्ता नव्हे. त्या सहकाऱ्यांचे शंभर पेपर कसे झाले हे त्यांचे त्यांना माहीत. तुमच्या मुलाखतीत त्यांचा विषय निघण्याचे कारण नाही.

ज्या प्रश्नाने मला हे सदर लिहायला बसवले, तो तुमच्या पाच सायटेशनच्या पेपरचा आहे. सोल्युबिलिटी चाचणीतील सोडियम डायथायोनाइट हे रसायन उष्णतेत आणि दमटपणात लवकर निकामी होते. तयार द्रावण थंड जागी ठेवावे लागते. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, उपकेंद्रात फ्रिज असला तरी वीज असतेच असे नाही, आणि निकामी द्रावणात सिकल हिमोग्लोबिन असूनही नमुना गढूळ होण्याऐवजी स्वच्छ दिसतो. म्हणजे ज्या मुलीला सिकलसेल आहे तिला 'नाही' असे सांगितले जाते. ती लग्न करते, गरोदर राहते, आणि मग तिसऱ्याच कारणाने नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' रुग्णालयात भरती झाल्यावर खरे कळते. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल ट्रेटविषयी, म्हणजे या आजाराचे वाहक असण्याविषयी, 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली लिहिले, आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. या मधल्या सहा दशकांत या आजाराचे निदान ज्यांच्या हातून झाले, त्यातले बहुतेक हात प्रयोगशाळा तंत्रज्ञांचे आणि आरोग्यसेविकांचे होते. तुमचा पेपर त्यांच्यासाठी आहे. त्यांनी तो वाचला, बाटलीवर द्रावण तयार केल्याची तारीख लिहायला सुरुवात केली, बर्फाच्या डब्यातून ते नेऊ लागले, आणि कोणत्याही नियतकालिकात काहीही लिहिले नाही, कारण लिहिणे हे त्यांचे काम नाही. ज्या कामाचे खरे वाचक पेपर लिहीत नाहीत, त्या कामाचे सायटेशन थोडेच राहणार. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या प्रयोगशाळेला भिवापूरच्या उन्हाची अडचण नसते.

याचा अर्थ छापण्याला महत्त्व नाही असा मी काढू देणार नाही. आपल्याच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून गेलेली माणसे पाहा. हिम्मतराव बावस्कर महाडला गेले, विंचूदंशाने दगावणारी मुले त्यांनी रात्र-रात्र जवळ बसून पाहिली, आणि प्राझोसिन या औषधाचा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला; त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत राहिले. गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतल्यास मृत्यू किती कमी होतात, हे त्यांनी ३९ गावांत तपासून १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, आणि २०११ पासून ती पद्धत देशभरात आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाली. या तिघांनी नोंदी काटेकोर ठेवल्या, जेथे शंका घेतली जाईल तेथे आकडे तयार ठेवले, आणि मग छापले. त्यांच्या पेपरना सायटेशनही भरपूर मिळाले. पण महाडच्या दवाखान्यातील मूल जगले ते औषधामुळे, आणि ते औषध दुसऱ्या गावातल्या डॉक्टरपर्यंत पोहोचले ते छापलेल्या पानामुळे. तुमच्या पाच सायटेशनच्या पेपरनेही आपल्या परिसरात तेच केले आहे. फक्त तुम्ही ते आजवर कोणाला सांगितलेले नाही.

तर ते सांगा, आणि मुलाखतीपूर्वी लेखी सांगा. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेने २०१५ पासून संशोधकांच्या परिचयपत्रात पेपरांच्या लांबलचक यादीऐवजी जास्तीत जास्त पाच योगदाने आणि प्रत्येकाच्या आधाराला मोजके चार पेपर लिहायला सांगितले. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरसारख्या आकड्यांवरून संशोधक जोखू नयेत, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचीही दिशा हीच होती. तुम्ही तुमच्या अर्जाला अशी दोन पाने जोडा. प्रत्येक योगदानाखाली चार गोष्टी लिहा, सलग वाक्यांत: आधी काय माहीत नव्हते, तुम्ही काय केले, तुमचा स्वतःचा वाटा कोणता, आणि त्यानंतर काय बदलले. सोल्युबिलिटीच्या पेपरसाठी शेवटच्या गोष्टीचा पुरावा लागेल. ज्या जिल्ह्यांत तुमची पद्धत वापरली जाते, तेथील जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सिकलसेल समन्वयक यांच्याकडून तारीख घातलेले पत्र मागवा, त्यांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतले किंवा परिपत्रकातले ते पान जोडा. पत्रात कौतुकाची विशेषणे नकोत. किती केंद्रांवर, कधीपासून, काय बदलले, एवढेच हवे. समितीतल्या परीक्षकाला हे वाचायला तीन मिनिटे लागतात, आणि माझा अनुभव असा की तो मग एच-इंडेक्स विचारण्याऐवजी बाटलीवरच्या तारखेविषयी विचारतो. तेथे तुम्हाला हरवणारे कोणी नाही.

आता एजन्सी. तुमच्याकडे १९ पेपर आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची जी अट होती, ती संख्येने माफक होती, मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज एवढ्याच प्रकारांना मान्यता देणारी होती, आणि लेखकांच्या क्रमात तुमचे नाव कोठे आहे हे पाहणारी होती. एच-इंडेक्सची त्यात अट नव्हती. २०२५ मध्ये नवी नियमावली आली आहे, म्हणून तुमच्या जाहिरातीच्या तारखेला जी लागू असेल ती शब्दशः वाचा आणि तुमचा प्रत्येक पेपर तिच्यासमोर ठेवून पाहा. मला वाटते तुम्हाला एकाही नव्या पेपरची गरज निघणार नाही. गरज निघाली तरी पंधरा दिवसांत छापणारा माणूस तुमचा पेपर कोणाला वाचायला देतो, हा प्रश्न विचारा. 'सायन्स'चे जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट पेपर ३०४ मुक्त नियतकालिकांना पाठवला होता; १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. पैसे घेणारे प्रत्येक नियतकालिक फसवे असते असे मात्र समजू नका. मुक्त प्रकाशनाचे शुल्क अनेक प्रतिष्ठित नियतकालिकेही घेतात, पण ती परीक्षणानंतर घेतात आणि पेपर नाकारतातही. काही ठग तर जुन्या, चांगल्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख-क्रमांक उचलून हुबेहूब दुसरे संकेतस्थळ उभे करतात. आणि 'पबमेडमध्ये दिसते' या एजन्सीच्या वाक्यावर जाऊ नका. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोध-संकेतस्थळावर एखादा लेख दिसणे आणि ते नियतकालिक मेडलाइनच्या निवडक सूचीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या तो पेपर मागे घेतला गेला, तर तुमच्या खऱ्या १९ पेपरांनाही लोक हात लावायला कचरतील.

विभागप्रमुखांचा दुसरा मार्ग मला अधिक अवघड वाटतो, कारण त्यात पैसे नाहीत, चांगुलपणा आहे. १९९० च्या दशकात मी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात अधिव्याख्याता असताना एका सहकाऱ्याने शाळकरी मुलांमधील जंतांच्या पाहणीवर माझे नाव घातले. मी त्यासाठी विभागाची जीप दोन दिवस मिळवून दिली होती, एवढेच. पुढे एका परिषदेत एका ज्येष्ठ बाईंनी मला त्या पेपरविषयी विचारले की गैरहजर मुलांना तुम्ही छेदात धरले की वगळले. मला उत्तर माहीत नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत, पण तो पेपर मी त्यानंतर माझ्या यादीतून काढला, आणि ते आधीच का केले नाही याचे वाईट मला आजही वाटते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखक होण्यासाठी चार गोष्टी एकत्र मागते: कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता, आणि त्यातील प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घेण्याची तयारी. जीप देणाऱ्याचे, रक्त काढणाऱ्याचे, आकडे टंकणाऱ्याचे आभार मानायचे असतात, आणि नाव घेऊन मानायचे असतात.

विभागप्रमुखांना नकार देताना त्यांना दोष देऊ नका. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच सुचवले आहे. त्यांना असे सांगता येईल: "सर, मुलाखतीत कोणी त्या पेपरमधला तक्ता काढून मला समजावून सांगायला सांगितला, तर मला सांगता येणार नाही, आणि मग तुमचाही अवमान होईल. त्यापेक्षा पुढच्या वर्षी नवजात बाळांच्या सिकलसेल तपासणीचा प्रकल्प घेऊ, त्यात तुम्ही आखणीपासून सोबत या." नवजात बाळांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी तेथे उपयोगी पडत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसीसारखी पद्धत लागते, आणि त्या यंत्राची व्यवस्था विभागप्रमुखच करू शकतात. त्यांचा तो वाटा खरा असेल, आणि त्यांचे नाव तेथे खरे बसेल.

राहिली तुमची विद्यार्थिनी. मे महिन्याच्या उन्हात द्रावणाच्या बाटल्या बर्फात घालून उपकेंद्रांवर तिने नेल्या, नमुने तिने तपासले, नोंदी तिने केल्या, आणि आता मसुदाही तीच लिहिते आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते. प्रश्न तुमचा होता, पद्धत तुमची होती, आणि छापून आल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक शंकेचे उत्तर तुम्ही देणार आहात; त्या जागेला करस्पॉन्डिंग ऑथर म्हणतात, आणि ती जागा तुमची आहे. तिचे नाव पहिले लिहा. आणि मसुदा पाठवण्यापूर्वी तिलाही ऑर्किड क्रमांक घ्यायला सांगा, म्हणजे पुढे तिचे नाव बदलले तरी हा पेपर तिच्याजवळच राहील.

आपला स्नेहांकित,
सदरलेखक